सोनेरी लोकर आणि विमानाचे भाडे

1975 सालचा आरंभ अमेरिकेच्या दृष्टीने मोठ्या मनस्तापाचा होता. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पदत्याग करून घरी जावे लागले होते. व्हिएतनामच्या युद्धाचा शेवट नामुष्कीत होणार हे सामान्य माणसालाही दिसू लागले होते. खनिज तेलाच्या किमती चौपटीने चढल्या होत्या आणि महागाईच्या वाढीने दहा टक्क्यांची मजल ओलांडली होती. राज्यकर्त्यांच्या शब्दावरचा विश्वास असा उडाल्यावर त्यांच्या हातच्या पैशाचा हिशेब मागण्याची इच्छा प्रजेत बळावावी, हे स्वाभाविकच होते. असा हिशेब मागण्याचे दोन निरनिराळे प्रयत्न त्या वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये लागोपाठच्या दोन महिन्यांत सुरू झाले. फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या उपसमितीपुढे विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रणाची चौकशी उघडली, आणि मार्चमध्ये विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी उधळपट्टीबद्दल दरमहा एक मानहानीकारक पारितोषिक देण्याचा उपक्रम जाहीर केला. दुसऱ्या प्रयत्नाची कीर्ती देशाच्या कानाकोपऱ्यात पोचली. पहिल्याने एक संपूर्ण सरकारी मंडळ कायमचे बंद झाले. हा फरक कशामुळे पडला, हे समजून घेतल्याखेरीज त्या दशकाचा राजकीय इतिहास मला अपुरा वाटतो.

प्रॉक्समायर हे साधे गृहस्थ नव्हते. 1915 साली इलिनॉयमध्ये एका शल्यवैद्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. येल आणि हार्वर्ड येथे शिक्षण घेऊन ते विस्कॉन्सिनमध्ये आले आणि तेथील गव्हर्नरपदाची निवडणूक 1952, 1954 आणि 1956 अशी ओळीने तीन वेळा हरले. 1957 साली सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागेवर मात्र ते निवडून आले आणि पुढे एकतीस वर्षे ती जागा त्यांच्याकडून कोणाला घेता आली नाही. कारखान्यांच्या दरवाजांवर आणि फुटबॉलच्या मैदानांबाहेर उभे राहून हजारो लोकांशी हस्तांदोलन करावे, घरापासून सिनेटपर्यंतची काही मैलांची वाट रोज धावत जावी, पुढेपुढे निवडणुकीसाठी कोणाकडून एक पैही देणगी घेऊ नये, असा त्यांचा परिपाठ होता. 1976 च्या निवडणुकीत त्यांचा एकंदर खर्च 200 डॉलरच्या आत राहिला. 1966 पासून 1988 पर्यंत सिनेटमध्ये झालेल्या दहा हजारांहून अधिक मतदानांपैकी एकही त्यांनी चुकवले नाही. वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय कराराला अमेरिकेने मान्यता द्यावी, या एकाच मागणीसाठी 1967 पासून सिनेटच्या प्रत्येक कामकाजाच्या दिवशी त्यांनी भाषण केले. अशी तीन हजारांवर भाषणे झाल्यानंतर 1986 साली सिनेटने तो करार मान्य केला. असल्या माणसाला केवळ प्रसिद्धिलोलुप म्हणून निकालात काढणे हा उघड अन्याय होईल.

किंबहुना उधळपट्टीविरुद्धच्या लढ्यातील त्यांची खरी थोरवी पारितोषिकाच्या आधीच सिद्ध झालेली होती. नोव्हेंबर 1968 मध्ये त्यांच्या उपसमितीपुढे हवाई दलाचे एक मुलकी अधिकारी अर्नेस्ट फिट्झजेरल्ड साक्षीला उभे राहिले. लॉकहीड कंपनी हवाई दलासाठी सी-5ए नावाचे प्रचंड मालवाहू विमान बांधत होती, आणि त्याचा खर्च ठरलेल्या रकमेपेक्षा सुमारे दोन अब्ज डॉलरनी वाढणार असल्याचे बोलले जात होते. हे खरे काय, असे प्रॉक्समायर यांनी त्यांना विचारले. वरिष्ठांची इच्छा त्यांनी मोघम उत्तर देऊन वेळ मारून न्यावी अशी होती. फिट्झजेरल्ड यांनी आकडा नाकारला नाही. पुढल्याच वर्षी खर्चकपातीच्या नावाखाली त्यांची जागाच रद्द करण्यात आली, आणि ती परत मिळवण्यासाठी या प्रामाणिक माणसाला कित्येक वर्षे सरकारशी झगडावे लागले. लष्करी कंत्राटांत मुरलेली ही सवय, म्हणजे प्रथम कमी रकमेचे अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचे आणि काम निम्म्यावर आले की वाढीव रकमेची मागणी करायची, लोकांपुढे उघडी पडली ती त्या एका साक्षीने. तिच्यामागे आकडे होते, जबाबदार साक्षीदार होता आणि दोषी खाते तिला उत्तर देण्याइतके बलाढ्य होते.

मार्च 1975 मधील पहिल्या पारितोषिकाची गोष्ट निराळी होती. ग्रीक पुराणातील सोनेरी लोकरीच्या कथेवरून त्याला ‘गोल्डन फ्लीस’ असे नाव दिलेले होते. मेंढराची कातरावी तशी करदात्याची लोकर कातरली जात आहे, असा त्याचा रोख. त्याचे पहिले मानकरी ठरले राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान. अपराध एवढाच की, माणसे प्रेमात का पडतात याच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी त्याने 84 हजार डॉलरचे अनुदान मंजूर केले होते. प्रेमाचे गूढ गूढच राहू द्यावे, अशी देशातील बहुसंख्य लोकांची इच्छा असल्याचे सिनेटरसाहेबांनी जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी ती वार्ता सर्वतोमुखी झाली. वृत्तपत्राच्या एका स्तंभात सामावणारी, वाचताच हसू आणि पाठोपाठ चीड आणणारी अशी ही बातमी होती. त्यानंतर 1988 पर्यंत अशी 168 पारितोषिके दिली गेली. हवाई वाहतुकीच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या खात्याने विमानातील चारशेहून अधिक परिचारिकांच्या शरीराची मापे घेण्यासाठी 57,800 डॉलर खर्च केले, म्हणून त्यालाही ते मिळाले. ज्या आसनांवर त्या स्त्रिया बसतात आणि अपघाताच्या वेळी ज्या पट्ट्यांवर त्यांचा जीव अवलंबून असतो, त्यांची रचना मापांवाचून कशी करायची, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

यांतील काही पारितोषिके रास्त होती. लष्कराच्या आणि सार्वजनिक बांधकामांच्या खर्चावरचे त्यांचे कित्येक प्रहार अचूक बसले, हे कबूल केले पाहिजे. परंतु दर महिन्याला एक अपराधी हवा, तो लोकांना चटकन समजणारा हवा, आणि त्याच्या नावातच उपहास भरलेला हवा, अशी गरज एकदा उत्पन्न झाली की शोधणाऱ्याची दृष्टी मोठ्या रकमेवरून ढळून विचित्र शीर्षकावर स्थिरावते. एप्रिल 1975 चे पारितोषिक याची साक्ष देते. मिशिगनमधील कॅलामाझू येथील सरकारी मनोरुग्णालयात रोनाल्ड हचिन्सन नावाचे एक शास्त्रज्ञ प्राण्यांच्या आक्रमक वृत्तीचा अभ्यास करीत असत. माकड चिडले म्हणजे ते दात-ओठ किती जोराने आवळते, याची मोजदाद हा त्या अभ्यासाचा एक भाग होता. अंतराळयानात किंवा पाणबुडीत महिनोन्महिने कोंडून राहणाऱ्या माणसांच्या मनाचे काय होते, हे जाणण्याची ज्यांना निकड होती त्या अंतराळसंस्थेने आणि नौदलाने त्या कामाला पैसा पुरविला होता. सात-आठ वर्षांत मिळून ती रक्कम पाच लाख डॉलरच्या घरात गेली होती. हा शास्त्रज्ञ माकडांच्या जिवावर गबर झाला आणि करदात्यांचे त्याने माकड केले, अशा आशयाचे पत्रक प्रॉक्समायर यांच्या कचेरीतून निघाले आणि त्यांच्या वार्तापत्रातून सुमारे एक लाख घरी पोचले.

हचिन्सन यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. सिनेटरच्या भाषणाला घटनेचे संरक्षण असते आणि त्याबद्दल त्याला कोणत्याही न्यायालयात जाब विचारता येत नाही, अशी प्रॉक्समायर यांची कैफियत होती, आणि खालच्या न्यायालयांनी ती या ना त्या कारणाने उचलून धरली. जून 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र आठ विरुद्ध एक मतांनी निकाल फिरवला. सभागृहात बोललेल्या शब्दाला असलेले संरक्षण वृत्तपत्रांकडे धाडलेल्या पत्रकाला आणि मतदारांना पाठविलेल्या वार्तापत्राला लागू नाही. आणि सरकारी अनुदान घेतल्याने एखादा शास्त्रज्ञ सार्वजनिक पुरुष होत नाही, असे सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिले. पुढे दाव्यात तडजोड झाली. प्रॉक्समायर यांनी पदरचे दहा हजार डॉलर भरले आणि सिनेटमध्ये उभे राहून आपल्या विधानांची दुरुस्ती केली. त्यांच्या बचावासाठी झालेला वकिलांचा खर्च सिनेटने सोसला, म्हणजे करदात्यानेच सोसला. ती रक्कम लाख डॉलरच्या पलीकडे गेली होती. पहिल्या पारितोषिकाने ज्या 84 हजारांबद्दल देशभर दवंडी पिटली, त्यापेक्षा ती अधिक भरली.

त्याच उपक्रमाच्या ओघात 1978 साली परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचे संदेश टिपण्याच्या अंतराळसंस्थेच्या प्रयत्नालाही हे पारितोषिक मिळाले, आणि 1981 मध्ये त्या कार्याचा निधीच प्रॉक्समायर यांनी बंद करविला. ज्योतिर्विद कार्ल सेगन यांनी त्यांची प्रत्यक्ष भेट घेऊन विषय समजावून सांगितला, तेव्हा मात्र त्यांनी पुढल्या वर्षी विरोध मागे घेतला. समजावून दिल्यावर समजणारा हा माणूस होता, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी अधिक हळहळ वाटते. सरकारी दूध-लोणी खरेदीच्या ज्या योजनेवर 1983 च्या सुमारास वर्षाला दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च होऊ लागली होती, तिचे मात्र ते अखेरपर्यंत समर्थक राहिले. विस्कॉन्सिन हे गवळ्यांचे राज्य आहे आणि त्या योजनेचा लाभ त्यांच्या मतदारांच्या पदरात पडत होता.

आता केनेडी यांच्या त्या चौकशीकडे वळू. 1938 च्या कायद्याने अमेरिकेत नागरी विमानवाहतुकीचे नियंत्रण करणारे एक मंडळ, सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्ड, अस्तित्वात आले होते. कोणत्या कंपनीने कोणत्या शहरांमध्ये विमाने चालवावीत आणि किती भाडे घ्यावे, हे त्या मंडळाच्या हुकुमाने ठरे. बाल्यावस्थेतील धंद्याला आधार म्हणून निर्माण झालेली ही व्यवस्था तो धंदा प्रौढ झाल्यावरही तशीच राहिली. 1950 पासून 1974 पर्यंत नव्या कंपन्यांनी या क्षेत्रात येण्यासाठी 79 अर्ज केले. मंडळाने त्यांपैकी एकही मंजूर केला नाही. नवा मार्ग मिळविण्यासाठी दरखास्त द्यायची, प्रतिस्पर्ध्यांनी हरकती नोंदवायच्या, मग सुनावणी, मग पुराव्यांचे गठ्ठे, मग प्राथमिक निकाल, मग मंडळापुढे पुनर्विचार, असा क्रम असे आणि त्यात वर्षांमागून वर्षे जात. वर्ल्ड एअरवेज या कंपनीने 1967 साली देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत स्वस्त वाहतुकीची परवानगी मागितली. तो अर्ज सहा वर्षे दप्तरात पडून राहिला आणि अखेर त्यातील माहिती शिळी झाली या कारणास्तव निकालात काढण्यात आला. 1951 च्या उद्योगविषयक कायद्याखाली परवान्यांसाठी दिल्लीच्या खेपा घातलेल्या आपल्याकडील कारखानदारांना ही हकिकत मुळीच परकी वाटणार नाही.

भाड्यात स्पर्धा करण्याची मुभा नसल्यामुळे कंपन्यांनी ती इतर मार्गांनी केली. जेवणाचे पदार्थ वाढले, विमानांच्या फेऱ्या वाढल्या, निम्मी आसने रिकामी घेऊन विमाने उडू लागली. सत्तरीच्या आरंभी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या जंबो विमानात प्रवाशांच्या करमणुकीसाठी पियानोदेखील ठेवला. या सर्वांचा खर्च तिकिटातून वसूल होई. हा अपव्यय कोणत्याही अंदाजपत्रकात दिसण्यासारखा नव्हता. तिजोरीतून त्यासाठी कवडीही जात नव्हती. मंडळाच्या सहीशिक्क्याने ती रक्कम दर प्रवाशाच्या खिशातून, प्रत्येक तिकिटामागे थोडी थोडी, काढली जात होती. सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाने 1977 साली केलेल्या अंदाजाप्रमाणे 1969 ते 1974 या काळात प्रवाशांना दरवर्षी 1.4 ते 1.8 अब्ज डॉलर अधिक मोजावे लागले. तिजोरीचा जमाखर्च चाळून उधळपट्टी शोधणाऱ्याला ही रक्कम जन्मभर सापडली नसती.

केनेडी यांना ती सापडली, याचे श्रेय मुख्यतः हार्वर्डचे कायद्याचे एक तरुण प्राध्यापक स्टीफन ब्रायर यांना आहे. केनेडी यांनाही लोकांच्या नजरेत भरेल असा विषय हवाच होता, हे लपविण्याचे कारण नाही. राजकारणी पुरुषाने लोकांचे लक्ष वेधावे यात गैर ते काय? परंतु ब्रायर यांनी सुनावणीच्या आधी कित्येक महिने कागदपत्रे आणि आकडेवारी यांचा धांडोळा घेतला, विमान कंपन्यांच्या आणि मंडळाच्या संभाव्य उत्तरांची प्रत्युत्तरे तयार ठेवली, आणि मगच साक्षीदारांना बोलावणी गेली. त्यांच्या हाती सर्वांत प्रभावी पुरावा कॅलिफोर्नियाचा होता. एका राज्याच्या हद्दीतच उडणाऱ्या विमानांवर केंद्राच्या मंडळाचा अंमल चालत नसे, आणि त्यामुळे पॅसिफिक साउथवेस्ट ही कंपनी तेथे त्या मंडळाच्या दरांना न बांधता भाडे आकारीत असे. मायकेल लेव्हाइन या अभ्यासकाने 1965 सालीच एका लेखात याकडे लक्ष वेधले होते. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हे 338 मैलांचे अंतर तेथे 18.75 डॉलरमध्ये तुटत असे, तर बोस्टन ते वॉशिंग्टन या 399 मैलांसाठी मंडळाच्या अंमलाखाली 41.67 डॉलर पडत. हवामान निराळे, गर्दी निराळी, वस्ती निराळी, अशी नाना कारणे पुढे झाली. उपसमितीने प्रत्येकाचा आकड्यांनिशी परामर्श घेतला आणि ती सर्व मिळूनही तो फरक उलगडेना. बोस्टनमध्ये एका श्रमिक मतदाराने केनेडींना विचारले की, आम्हाला कधी विमानात बसणे परवडत नाही, मग तुम्ही विमानांच्या मागे का लागला आहात? त्यावर, नेमके त्याच कारणासाठी मी ही सुनावणी घेत आहे, असे केनेडी म्हणाल्याचे ब्रायर सांगत. माझ्या मते त्या संपूर्ण दशकात राजकीय पुरुषाने दिलेले याहून समर्पक उत्तर नसेल.

चौकशी संपली म्हणजे सुधारणा झाली असे नव्हे. नेव्हाडाचे सिनेटर हॉवर्ड कॅनन यांच्या समितीत विधेयकाची घडण होण्यास दोन-अडीच वर्षे लागली. युनायटेडसारखा अपवाद सोडता बहुतेक मोठ्या कंपन्या आणि कर्मचारी संघटना विरोधात उभ्या राहिल्या. दरम्यान राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी जून 1977 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान यांना मंडळाचे अध्यक्ष नेमले. नियंत्रणाच्या अर्थशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिलेला हा विद्वान आपल्याला एका विमानापासून दुसरे ओळखता येत नाही असे मोकळेपणाने सांगे. त्याच्या लेखी विमान म्हणजे पंख लावलेला सीमांत खर्च होता. पदावर येताच त्यांनी कर्मचाऱ्यांना एक टिपण धाडले. मंडळाचे हुकूम खऱ्या माणसांशी बोलावे तशा साध्या भाषेत लिहावेत, आणि आपली भाषा मोठ्याने वाचून ती मित्रांना कशी वाटेल याचा विचार करावा, अशी त्यात सूचना होती. हे टिपण कोणी तरी वृत्तपत्राच्या हाती दिले आणि कान रातोरात प्रसिद्ध झाले. ही प्रसिद्धी त्यांनी मागितली नव्हती, पण लाभली तेव्हा तिचा उपयोग मात्र केला: मंडळ काय करते आणि ते का करू नये, हे साध्या भाषेत ते जागोजाग सांगत राहिले, आणि कायदा होण्याची वाट न पाहता सवलतीच्या भाड्यांना व नव्या मार्गांना परवानग्या देत सुटले. भाडी उतरली, प्रवासी वाढले आणि त्याबरोबर कंपन्यांचा नफाही वाढला. विरोधकांच्या हातातील मुख्य शस्त्र त्यामुळे गळून पडले.

24 ऑक्टोबर 1978 रोजी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली. ज्या मार्गांचे परवाने कंपन्यांनी नुसते दाबून ठेवले होते, ते आधी येईल त्याला मिळणार असे त्यात ठरले होते. चाळीस वर्षे ज्या मंडळाच्या दारी अर्जदार वर्षानुवर्षे तिष्ठत, त्याच्या कनेक्टिकट अव्हेन्यूवरील इमारतीबाहेर कंपन्यांचे प्रतिनिधी कित्येक दिवस आधीपासून फुटपाथवर रांग लावून बसले होते. रांगेत पहिला क्रमांक युनायटेडच्या माणसाचा होता.

पुढचा सर्वच इतिहास सुखाचा नाही. ब्रॅनिफ कंपनीने त्या डिसेंबरात एका दिवसात सोळा नवी शहरे जोडली आणि मे 1982 मध्ये तिचे दिवाळे वाजले. हजारो कर्मचारी रस्त्यावर आले. ईस्टर्न आणि पॅन अ‍ॅम 1991 साली बंद पडल्या, आणि काही विमानतळांवर एकेका कंपनीची नवी मक्तेदारी बसली. स्वस्त तिकिटाची किंमत कोणा तरी वैमानिकाने, यांत्रिकाने, हमालाने आपल्या पगारातून भरली, हे विसरणे मला कृतघ्नपणाचे वाटते. तरीही 1978 साली सुमारे 27 कोटी असलेली वर्षाची प्रवासीसंख्या 1990 पर्यंत 46 कोटींवर गेली, आणि बोस्टनच्या त्या श्रमिकासारखी लक्षावधी माणसे प्रथमच विमानात बसली. मंडळाचे मार्गांवरील अधिकार 1981 अखेर संपले, भाड्यांवरील त्यानंतर वर्षभराने, आणि 31 डिसेंबर 1984 रोजी ते मंडळच बरखास्त झाले; उरलेली कामे परिवहन खात्याकडे गेली.

कायदा संमत व्हावा म्हणून लहान गावांच्या प्रतिनिधींना एक वचन द्यावे लागले होते. ज्या गावांना विमानसेवा होती ती बंद पडू नये, यासाठी दहा वर्षांपुरते सरकारी साहाय्य देण्याची तरतूद 1978 च्या त्याच कायद्यात आहे. दहा वर्षे पुरी होत आली तेव्हा काँग्रेसने तिची मुदत आणखी दहा वर्षांनी वाढविली. तोवर प्रॉक्समायर निवृत्तीच्या वाटेवर होते आणि कान केव्हाच विद्यापीठात परतले होते. 1996 साली तीही मुदत संपण्यापूर्वीच कायद्यातून काढून टाकण्यात आली आणि योजना कायमची झाली. काही गावांतून आज जे मोजके प्रवासी उडतात, त्यांच्यापैकी एकेकामागे सरकारला शेकडो डॉलर मोजावे लागतात.